वाशिमचा पोरका राजा

वाशिम कोठे आहे, असे एखाद्या पुणेकराला विचारले तर तो नकाशावर अकोल्याच्या आसपास बोट ठेवील, आणि त्यात फारसा चुकणारही नाही. १ जुलै १९९८ पर्यंत वाशिम अकोला जिल्ह्यातच होते. त्याआधी, इंग्रजी अमदानीत, १९०५ सालापर्यंत ते स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण होते. पण थोरवीच सांगायची तर वाशिमकर एवढ्यावर थांबत नाही; तो थेट दीड हजार वर्षे मागे जातो. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच! राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचे आणि साहित्यविद्येचे लग्न लावले तेही याच गावी. तेव्हा दिवाळी अंक वाचणाऱ्या माणसाने एकदा तरी हात जोडून यावे, असे हे गाव आहे.

आम्ही निघालो होतो नाशिकहून नागपूरला. चिरंजीव गाडी चालवीत होते, सूनबाई शेजारी, आणि मागे मी व माझी नात. नातीचे वय वर्षे आठ. म्हणजे प्रश्न विचारण्याचे ऐन वय. नाशिकला गोदावरीच्या काठी फिरताना तिला आकाशात एक विमान दिसले. ओझरला विमानांचा कारखाना आहे, तेव्हा नाशिककरांना त्या आवाजाचे नवल नाही. पण आमची बाळी मान मोडेपर्यंत वर पाहत राहिली. मग मी तिला नाशिकच्याच एका वैमानिकाची गोष्ट सांगितली.

स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे. शिक्षण नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेत, पुढे औरंगाबादच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत, आणि तेथून हवाई दलात. हेलिकॉप्टर चालवणारा वैमानिक. २६ फेब्रुवारी २०१९ ला आपल्या विमानांनी बालाकोटवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानची विमाने चालून आली आणि काश्मीरच्या आकाशात धुमश्चक्री उडाली. त्याच वेळी बडगामजवळ मांडवगणे यांचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. हवाई दलाचे सहा जण गेले, खाली जमिनीवरचा एक नागरिकही गेला. मांडवगणे ३३ वर्षांचे होते. घरी दोन वर्षांची मुलगी होती. १ मार्चला गोदावरीच्या काठी त्यांना लष्करी इतमामाने निरोप देण्यात आला. सारे नाशिक रस्त्यावर लोटले होते.

एवढे मी सांगितले. एक गोष्ट सांगितली नाही. ती सांगावी की नाही, याचा निर्णय मला करता येईना.

समृद्धी महामार्ग म्हणजे सातशे एक किलोमीटरची सरळ रेघ. जुन्या प्रवासातली गावे, फाट्यावरचा चहा, म्हशींचा खोळंबा, सारे खाली राहून जाते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, बाजूला टाकून आम्ही पुढे गेलो. “इथेच ते वैमानिक शिकले ना?” बाळीने विचारले. मी मान डोलावली. जरा वेळाने दुसरा प्रश्न आला, “त्यांच्या मुलीला बाबा आठवत असतील का?”

सूनबाईंनी पाण्याची बाटली मागे दिली. चिरंजिवांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. दोन वर्षांच्या पोराला काय आठवणार? खांद्यावर बसल्याचे आठवेल, की दुसऱ्याने सांगितले म्हणून आठवल्यासारखे वाटेल? मी म्हणालो, “वाशिमला तुला एका राजाची गोष्ट सांगतो.”

शेलूबाजारला महामार्ग सोडला आणि वऱ्हाड दिसू लागले. सोयाबीनची कापणी उरकली होती, तूर कमरेएवढी उभी होती, बांधावर बाभळी. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्या-माथ्यावर पसरलेला हा मुलूख मोठा मौजेचा आहे. इथे पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटण्या होतात. काही पाणी काटेपूर्णेतून तापीकडे, म्हणजे पश्चिम समुद्राला जाते. काही पैनगंगेतून वर्धेला, प्राणहितेला आणि शेवटी गोदावरीला मिळते. नाशिकला जिच्या काठी आम्ही उभे होतो तीच ही गोदावरी. एवढा फेरा घेऊन वाशिमचे पाणी तिला गाठते.

गावात शिरून पहिले दर्शन बालाजीचे. भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बांधलेले हे मंदिर वाशिमचे भूषण आहे. तिथून पद्मतीर्थावर आलो. तळ्याच्या पायरीवर शेंगा सोलीत बसलो आणि मी राजाची गोष्ट काढली.

अजिंठ्याच्या सोळा क्रमांकाच्या लेण्यात, बाहेरच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. वाशिमच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने ते लेणे कोरविले, आणि भिंतीवर आपल्या धन्याची वंशावळ लिहून ठेवली. त्या वंशावळीत एक राजा आहे. त्याचा बाप प्रवरसेन. बापाच्या मागे हा गादीवर आला तेव्हा त्याचे वय होते आठ वर्षे. पुढे लेख एवढेच सांगतो की, आठ वर्षांच्या वयात राज्य हाती येऊनही त्याने ते नीट चालविले. बाप कशाने गेला, ते नाही. पोराला कोणी सांभाळले, ते नाही. आणि सर्वांत चटका लावणारी गोष्ट ही, की त्या मुलाचे नावच नाही! दगड झिजला आणि नेमके तिथले अक्षर गेले. मोठमोठ्या पंडितांनी भिंगे लावली. वाशिमलाच १९३९ साली सापडलेल्या ताम्रपटाने या शाखेच्या मूळ पुरुषांचा उलगडा झाला. पण या पोरक्या राजाचे नाव काही हाती लागले नाही. बापाचे नाव राहिले, मुलाचे पुसले.

“म्हणजे माझ्याएवढा?” बाळी म्हणाली.

“अगदी तुझ्याएवढा.”

“आणि त्याला राज्य कसं करायचं ते कोणी शिकवलं?”

याचे उत्तर शिलालेखात नसले तरी वाकाटकांच्या दुसऱ्या घरात आहे. नागपूरजवळ नंदिवर्धनला त्यांची थोरली पाती नांदत होती. तिथला रुद्रसेन राजा असाच ऐन तारुण्यात गेला. मुले लहान. तेव्हा त्याची राणी प्रभावतीगुप्ता, चंद्रगुप्त विक्रमादित्याची लेक, हिने कारभार हाती घेतला आणि मुले मोठी होईपर्यंत राज्य राखले. वाशिमच्या पोरालाही अशी कोणी आई, आजी, म्हातारा मंत्री असलाच पाहिजे. अशा माणसांनीच त्याला त्याचा बाप सांगितला असेल. आठ वर्षांचे पोर आपोआप शहाणे होत नाही. बाप कसा बोलत असे, कशाला हसत असे, कशाला चिडत असे, हे कोणीतरी रोज थोडे थोडे त्याच्या कानावर घातले असणार.

वाशिमच्या दक्षिणेला हिस्से-बोराळा नावाचे खेडे आहे. तिथल्या शिलालेखावर शके ३८० हे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन ४५८च्या सुमाराचे. राजा देवसेन याच्या काळात स्वामिल्लदेवाने ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधला, असा त्यात उल्लेख आहे. हा देवसेन म्हणजे आपल्या पोरक्या राजाचा मुलगा! बाप हरवलेले पोर स्वतः बाप झाले आणि त्याच्या मुलाच्या काळात वाशिमच्या शिवारात पाणी अडले. बाळीला हे फार आवडले. मलाही आवडले, कारण इतिहास असे समाधान क्वचितच देतो.

दुपारी शिरपूरला गेलो. इथले अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर जैनांचे मोठे तीर्थ. पंथांच्या वादामुळे ते १९८१ पासून कुलूपबंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२३ साली उघडले. काळ्या रंगाची ही मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. कथा अशी: एलिचपूरच्या राजाला मूर्ती सापडली. ती रथातून नेताना मागे वळून पाहायचे नाही, अशी अट होती. वाटेत राजाला शंका आली, त्याने मागे पाहिले, आणि मूर्ती तिथेच हवेत थांबून राहिली. पूर्वी म्हणे तिच्याखालून घोडेस्वार जाई.

मंदिराबाहेर एक म्हातारबुवा पिंपळाखाली बसले होते. बाळीने त्यांना विचारले, “आजोबा, राजाने मागे बघितलं ते चुकलंच ना?”

म्हातारबुवा हसले. “चुकलं कायचं, बाई? त्यानं मांगं पाह्यलं म्हनून त देव आमच्यापाशी राह्यला. नाही त एलिचपूरले गेला असता!”

गाडीत बसल्यावर मी नातीला राहिलेली गोष्ट सांगितली. मांडवगणे यांचे हेलिकॉप्टर शत्रूने पाडले नव्हते. श्रीनगरच्या तळावरून सुटलेले आपलेच क्षेपणास्त्र त्याला लागले. गडबडीत आपले हेलिकॉप्टर ओळखता आले नाही. हवाई दलाने चौकशी केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती, असे जाहीरपणे कबूल केले.

“मग त्या मुलीला हे सांगितलं असेल?”

“मोठी होईल तशी कळेलच. आणि खरंच कळावं. चूक दुसऱ्यांची होती; त्यानं तिच्या बाबांचं काही उणं होत नाही. ते आपल्या कामावर होते.”

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ ला, म्हणजे बडगामच्या त्या सकाळच्या दोनच दिवस आधी झाले. तिथे भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. ग्रॅनाइट अजिंठ्याच्या दगडाहून टिकाऊ असेल, असावाच. पण दगडावर नाव राहते, माणूस राहत नाही. माणूस राहतो तो घरातल्यांच्या तोंडी. तरुण बाप गेला की आपण प्रेमाने गप्प बसतो. पोराला रडू येईल म्हणून त्याचा विषय काढीत नाही, त्याचे कपडे कोणाला देऊन टाकतो, भिंतीवरच्या तसबिरीला हार घालतो आणि मोकळे होतो. त्या पोराला मात्र हाराआडच्या माणसाविषयी ऐकायचे असते. तो भात कालवून खात असे की नाही, त्याला गाणे येत होते की नाही, मी झाल्यावर तो काय म्हणाला? अशा गोष्टी कोणत्याही शिलालेखात सापडत नाहीत, आणि जे सांगू शकतात ती माणसे एकेक करून जात असतात.

म्हणून वाचकहो, दिवाळीच्या फराळाला सारे घर जमेल तेव्हा घरात असे एखादे पोर असेल तर त्याला जवळ बसवा, आणि त्याच्या बापाची एक साधी, खरी, हसवणारी आठवण सांगा. बरोबर मागे पाहायला लागेल. पाहावे. शिरपूरच्या लोकांना विचारा, त्यांना त्याचा पश्चात्ताप नाही.