उंचावरची कॉफी

तेल्या रोगानं आमची डाळिंबाची बाग गेली, त्या साली धाकट्यानं घरात कॉफीचा विषय काढला. दीड एकर भगवा मुळासकट उपटून बांधावर रचला होता आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर तसंच होतं. पोरानं मोबाईलवर बघितलं, शहरात लोक एका कपाला दोनशे-तीनशे रुपये मोजतात. "आबा, आपुन बी लाई देखूत," म्हणाला. रोपं, सावलीची झाडं, ठिबक, सगळा खर्च त्यानं वहीत मांडून ठेवला होता. त्यासाठी आणखी कर्ज काढायचं होतं.

मी दहावी शिकलेला माणूस. बघितल्याशिवाय हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. डिसेंबरात आम्ही बापलेक एसटीनं निघालो. मालेगाव, धुळं, जळगाव, अकोला, परतवाडा करत चिखलदऱ्याला पोचलो. महाराष्ट्रात कॉफी बघायची तर मेळघाटातलं हेच ठिकाण. इंग्रजांच्या काळात ती तिथं आली. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,१०० मीटर. आमचं मोसमकाठचं नामपूर त्याच्या साधारण निम्म्या उंचीवर.

मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं उभी होती. फांदीला चिकटून लाल फळं. एक तोंडात टाकलं. गर कागदाएवढा पातळ, पण गोड. आत चिकट दोन बिया. तिथला माळी म्हणाला, "काका, ही थंडीची करामत आहे. फळ सावकाश पिकतं."

मला ते लगेच पटलं. डाळिंबाचा मृग बहार हिवाळ्यात पिकतो, त्याचा दाणा लालबुंद असतो. उन्हाच्या तडाख्यात पिकलेला दाणा फिका पडतो. झाड तेच, माती तीच, फरक फक्त हवेचा.

मग मी वाचलं, विचारलं. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. आमच्या बागलाणातला साल्हेर १,५६७ मीटर उंच. मे महिन्यात खाली नामपुरात अंगाची लाही होते, तेव्हा वर माथ्यावर वारा गार लागतो. अशा गारव्यात कॉफीचं फळ पिकायला जास्त दिवस घेतं. तेवढ्या दिवसांत बी घट्ट भरते, तिच्यात साखर आणि फळासारखा आंबटपणा साठतो. भाजल्यावर त्याचाच वास आणि चव होते. ग्वाटेमालात तर उंचावरच्या बीला 'कठीण बी' म्हणून वरची प्रत देतात. चव घेणारे जाणकार शंभरपैकी मार्क देतात, ऐंशीच्या वर गेली तर ती खास कॉफी. भारी कपाचा पैसा त्या कॉफीचा असतो.

पण नुसत्या उंचीच्या आकड्यावरही जाऊ नये. हवाई बेटांवर कोना भागात पुष्कळ कमी उंचीवर नावाजलेली कॉफी होते, कारण ती बेटं विषुववृत्तापासून लांब आणि दुपारी ढगांची सावली. म्हणजे उंची हे गारव्याचं माप, एवढंच.

पोरगं हट्टी. म्हणालं, "अरेबिका नको, रोबस्टा लावू. ती खालच्या भागात येते." येते, पण तिला पाऊस लागतो, ओलसर हवा लागते. आमच्याकडचा पाऊस तोलूनमापून पडणारा, उन्हाळा कोरडा आणि हिवाळ्यात कधी पिकं करपावीत अशी थंडी. मी म्हटलं, "दोन एकर नको. चार रोपं लाव. जमीनले इचार."

विहिरीजवळच्या आंब्याखाली अरेबिकाची चार रोपं लावली. पहिल्याच एप्रिलात दोन करपली. तिसरं पुढच्या उन्हाळ्यात गेलं. चौथं धाकट्यानं गोणपाटाचा आडोसा करून, रोज पाणी घालून जगवलं. चौथ्या वर्षी त्याला ओंजळभर फळं आली. घाईघाईनं लाल झाली, काही तर झाडावरच सुकली.

बिया पाण्यात टाकल्या, तर निम्म्याच्या वर तरंगल्या. पेरणीचं बियाणं आपण असंच पारखतो, तरंगलं ते पोकळ. बुडालेल्या वाळवून तव्यावर भाजल्या, खलबत्त्यात कुटल्या. घरभर वास सुटला. चौघांना अर्धा-अर्धा कप झाली. कडू होती, पण कडूपणाच्या मागं काहीच नव्हतं. धाकट्याची आई म्हणाली, "चहा ठेवू का?" पोरगं हसलं नाही. मीही हसलो नाही. त्याची चार वर्षं त्या कपात होती.

पण कर्जाचा दुसरा डोंगर उभा राहिला नाही. त्या हिवाळ्यात त्यानं मोकळ्या दीड एकरात कांदा लावला आणि शेजारच्या तुकड्यात पुन्हा भगव्याची रोपं. या खेपेला मृग बहारच धरायचा, असं त्यानं स्वतःच ठरवलं. पावसात तेल्याची धास्ती आहेच, तेवढी जोखीम आपली.

कॉफीचं ते एकुलतं झाड मी काढू दिलं नाही. फुललं की मोगऱ्यासारखा वास येतो. धाकटा अजून त्याला सकाळी बादलीभर पाणी घालतो.