डोंगर नव्हे, आलेख

रविवार, रात्र.

आज भाचीच्या वहीत एक आलेख होता. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर सायकलवाल्याचं घरापासूनचं अंतर. रेघ चढत गेलेली, मधे सपाट, मग झपकन खाली. ती म्हणाली, "मामा, हा डोंगर चढला, पठारावरून गेला आणि उतरला." आठवीतलं पोर रेघेत चित्र पाहणारच. मला तिची चूक फार आवडली.

तिला म्हटलं, बोट आडव्या अक्षावर ठेव आणि हळूहळू सरकव. दहाव्या मिनिटाला किती लांब? 2 किलोमीटर. विसाव्या मिनिटाला? "2च." मग थबकली. "म्हणजे तो थांबलाय!" पुढची रेघ पाचच मिनिटांत शून्यावर आलेली, येताना वेग दुप्पट, हे तिनंच उतारावरून ओळखलं.

मग तिनं विचारलं, "रेघ सरळ उभी असती तर?" मी गप्प झालो. तसं झालं तर एकाच क्षणी माणूस घरीही आणि 2 किलोमीटरवरही! एका वेळेला एकच अंतर, फलनाची व्याख्या म्हणतात ती हीच. ती तिला प्रश्नातूनच सापडली. देकार्तनं 1637 साली बीजगणित आणि भूमिती एकत्र आणली, त्यातून पुढे हे अक्ष रुळले. पण मुलांना ते समीकरणाआधी असे, बोटानं भेटायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

झोपण्यापूर्वी तिनं आपल्या शाळेच्या वाटेचा आलेख काढला. मधेच रेघ शून्याला टेकून पुन्हा वर गेलेली.

"डबा विसरले होते ना!"