आजीची खोली, हस्तरचा खजिना

माध्यमांतर, म्हणजे एका माध्यमातील कलाकृती दुसऱ्या माध्यमात नव्याने घडवणे, यात भयकथेची ओढाताण सर्वाधिक होते, कारण शब्दांनी झाकून ठेवलेले कॅमेऱ्याला कधीतरी उघडे करावेच लागते. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या 'तुंबाड'चा आरंभीचा भाग नारायण धारप यांच्या 'आजी' या कथेचा ऋणी आहे, आणि त्या कथेचे मूळ स्टीफन किंगच्या 'ग्रामा' या कथेत सापडते. चित्रपटाचे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आलेले. कथेतली भीती एका आजारी म्हातारीपुरती आणि तिच्याजवळ एकट्या राहिलेल्या मुलापुरती असते. चित्रपट या भीतीला हस्तर हा शापित देव, सोन्याच्या मुद्रा आणि १९१८ ते १९४७ असा काळ देतो, आणि भीतीची जागा हळूहळू लोभ घेतो. हा बदल देखणा आहे, पावसात भिजलेला तर अधिकच. तथापि हडपसरमधील एखाद्या सदनिकेत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेच्या उशाशी रात्र जागणाऱ्या वाचकाला बहुधा कथाच अधिक झोंबेल, कारण शुश्रूषेत माया, कंटाळा आणि दबलेली किळस एकत्रच नांदतात, आणि त्यांना कोणत्याही खजिन्याची गरज नसते. चित्रपटातली कोंडलेली म्हातारी मात्र अखेर खजिन्याचा पत्ता सांगण्यापुरती उरते; तिच्या यातनेचा शेवटही नायक विनायकशी झालेल्या सौद्याचाच भाग ठरतो.