पुरळाची नोंद

अंगावर गांधी उठल्या की आपल्या घरांत निदानास विलंब लागत नाही. ‘पित्त उठले’ असे म्हणून आमसुलाचे पाणी चोळावयाचे, की झाले! माधवनिदानकारांनी मात्र शीतपित्त, उदर्द आणि कोठ असे भेद मानले होते. नावातील भेद हा उपचारातील भेद होय, हे त्यांनी ओळखले होते.

आधुनिक वैद्यकाने ह्या नावांस आकडे जोडले. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी १८९३ साली शिकागो येथे मृत्युकारणांची यादी मांडली. तिच्याच वंशात जागतिक आरोग्य संघटनेची दहावी वर्गवारी जन्मली. अकरावी २०२२ पासून अमलात आली असली, तरी दहावीचे चलन अद्याप पुष्कळ आहे. तीत ॲलर्जीच्या गांधींस ‘एल ५०.०’, निकेलच्या दागिन्याने उठलेल्या इसबास ‘एल २३.०’, औषध पोटात वा सुईने गेल्याने सर्वांगावर उठलेल्या पुरळास ‘एल २७.०’ असे आकडे आहेत. काहीच लिहिलेले नसेल, तर ‘आर २१’. म्हणजे नुसते पुरळ!

गुणपत्रिकांत माणूस हरवताना आम्ही जन्मभर पाहत आलो. तेव्हा आकड्यांविषयी आम्हांस मुळीच प्रेम नाही. तथापि आमच्या धाकट्या भगिनीस पेनिसिलिनच्या सुईनंतर गांधी उठल्या, तेव्हा कागदावर ‘पुरळ, आराम पडला’ इतकेच लिहिले गेले. औषधाचे नाव नाही. पुरळ किती वेळाने उठले, ओठ सुजले काय, धाप लागली काय, काहीच नाही. पुढे परगावी तीच सुई भरली जात असता तिच्या यजमानांस मागचे आठवले, म्हणून अनर्थ टळला. पण यजमानांची स्मरणशक्ती म्हणजे दप्तर नव्हे!

आकडे घालणारा कारकून वैद्याने न लिहिलेले कारण कोठून आणणार? उलटपक्षी, तापाच्या पुरळाचे खापर औषधावर फुटले, तर रोगी एका उत्तम औषधास जन्मभर मुकतो. म्हणजे मौन जितके घातक, तितकाच उतावळा आरोपही घातक.

ह्या साऱ्या आकड्यांत आमचा खरा आदर ‘एल ५०.१’ विषयी आहे. गांधी आहेत, परंतु कारण अज्ञात आहे, असा त्याचा अर्थ. अज्ञानासही स्वतंत्र, सन्मानाची जागा देणारे शास्त्र विश्वासास पात्र असते. ‘ठाऊक नाही’ असे लिहिणे आणि काहीच न लिहिणे, ह्यांत एका प्राणाचे अंतर पडू शकते.