मागायचं राहिलं

इंग्रजीतल्या ‘प्रे’ या क्रियापदाचा मला वकिलीच्या पहिल्या दिवसापासून राग होता. दाव्याच्या शेवटी ‘द प्लेंटिफ हंबली प्रेज’ असं लिहायचं आणि खाली एकेक मागणी मांडायची. मराठी दाव्यात त्या जागी ‘सबब विनंती की’ येतं, ते कधी खुपलं नाही. पण ‘प्रे’ म्हणजे देवापुढे हात जोडणं. हक्क सांगायला आलेल्या माणसानं हात का जोडावेत?

आमच्या घरात मागणं कमीपणाचं होतं. शेजारून विरजण आणायला पाठवलं तरी मी दारातून परत यायचो. तोच मी पुढे वकील झालो. हकिकत जीव ओतून लिहायची आणि मागण्यांचं पान कसंबसं उरकायचं, ही माझी सवय. तिला मी स्वाभिमान समजत होतो.

एका विधवा बाईंचं रान दिरानं बळकावलं होतं. सातबारा, फेरफार, खरेदीखत जुळवून मालकी त्यांचीच आहे, हे मी बारा पानांत मांडलं. शेवटी मागितलं एवढंच, की तसं जाहीर करावं. मालकी ठरली की कब्जा आपोआप मिळेल, असं धरून चाललो.

न्यायाधीशांनी शेवटचं पान काढलं. “वकीलसाहेब, कब्जा कुठं मागितलाय?”

मी माझी प्रत उलटली. नाही हे ठाऊक असूनही पुन्हा उलटली. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम ३४ मला पाठ होतं: पुढची दाद मागता येत असूनही वादीनं ती मागितली नाही, तर कोर्ट नुसतं जाहीरही करत नाही. बारा पानं त्या एका ओळीवाचून वाया जाणार होती.

बाहेर व्हरांड्यात बाई म्हणाल्या, “आपन मागितलंच न्हाई व्हय, साहेब? म्या तर पैल्या दिशीच सांगितलं हुतं, माझं रान मला पायजे.”

खरंच सांगितलं होतं. त्या मागायलाच आल्या होत्या. लाज मला वाटत होती, आणि माझ्या लाजेची किंमत त्या मोजणार होत्या.

त्या रात्री शब्दकोश उघडला. ‘प्रे’ फ्रेंचमधून आलेला, मुळात लॅटिन. त्याचा अर्थ मागणं, विनवणं. इंग्रजी कोर्टांनी तो जुना अर्थ जपला, देवाशी त्याचा संबंध नाही. आणि त्याच्याही मागचं मूळ तेच, ज्यातून संस्कृतात पृच्छा आणि प्रश्न आले, मराठीत पुसणं आलं. मी बराच वेळ त्या पानावर थांबलो. बाईंना नीट पुसलं असतं, तर मागायचं राहिलं नसतं. मी तेही केलं नव्हतं; कागदपत्रं बघितली आणि त्यांना घरी पाठवलं.

मुद्दे अजून निघाले नव्हते, म्हणून दुरुस्ती अर्ज मंजूर झाला. नवं पान मी त्यांना अर्जाआधीच बाकावर बसून वाचून दाखवलं होतं, मराठीत, सावकाश. शाई लावलेला अंगठा हवेतच धरून त्या ऐकत होत्या.

“आन् हिरीतलं पानी?” त्या म्हणाल्या. “ते बी मागा की, साहेब.”