हुरडा, पाहुणे आणि मधुमेह

मधुमेह झाल्यापासून बाबांनी पाहुण्यांना बोलावणंच सोडलं होतं. तुमच्याही घरी असं झालंय का? गेल्या पौषात गावाबाहेर एक शेत सापडलं: आंब्याखाली सतरंजी, गोवऱ्यांची आगटी, शेजारी पायवाट. मला भारी आनंद झाला. सगळ्यांना तिथेच बोलावलं. हुरडा म्हणजे ज्वारीचे कोवळे दाणे. त्यात तंतुमय पदार्थ असतात, पण साखर वाढवणारं पिष्टही असतं. म्हणून बाबांना वाटीभरच दिला. सोबत गुळाऐवजी शेंगदाण्याची चटणी. नंतर सगळे बांधावरून फिरलो, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. इन्सुलिन घेत असाल तर गप्पांच्या नादात जेवणाची वेळ मात्र चुकवू नका. निघताना बाबांनीच विचारलं, "पुढच्या रविवारी कोणाला बोलवायचं?"