आवसेचे पाणी

आमच्या मामांना दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक त्यांच्या कुत्र्यांचा आणि दुसरा, आपण आयुष्यात कुणाला वाट विचारली नाही याचा. यांतली पहिली गोष्ट माणदेशात कुणीही कबूल केली असती. दुसरीबद्दल मामी वेगळे बोलत. पण मामी बोलत तेव्हा मामा नेमके बंदूक पुसायला माडीवर गेलेले असत.

मामांचे गाव दहिवडीच्या बाजूला. तिकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. मैलोगणती उघडा माळ, मधूनमधून बाभळी, कुसळी गवत, आणि त्या गवतात तितर. तितराच्या शिकारीत मामांचा हात धरणारा त्या तालुक्यात दुसरा नव्हता. राजा आणि चिंगी ही त्यांची कुत्री कुठल्याशा साहेबाच्या पॉइंटरची नातवंडे होती. आजीकडून मात्र गावठी. वास लागला की राजा एक पाय उचलून दगडासारखा उभा राही. मामा सावकाश पुढे होत, पाखरू भुर्रकन उडे, बार निघे, आणि चिंगी धावत जाऊन दातही न लावता पाखरू आणून मामांच्या पायाशी ठेवी.

इंग्रज साहेबांची शिकारीची जुनी पुस्तके मामांनी कुठूनशी मिळवली होती. त्यांत कुत्रे घेऊन फेझंटच्या शिकारीला निघालेल्या लोकांची वर्णने असत. खरा फेझंट आपल्याकडे हिमालयाखाली उतरत नाही. पण त्याच कुळातला आपल्या सह्याद्रीचा राखी रानकोंबडा काही कमी नाही, आणि तो ठाण्याच्या डोंगरात आहे, हे मामांना कळले तेव्हा त्यांची झोप उडाली. माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ घोडबंदरकडे एका मिठागरावर हिशेबनीस होते. त्यांना पत्र गेले, उत्तर आले, आणि एका संध्याकाळी मामा दोन कुत्री आणि एक बंदूक घेऊन आमच्या दादरच्या चाळीत दाखल झाले. चाळीतली पोरे तीन मजले धावत खाली आली, आणि मांजरे तीन मजले वर गेली.

मी त्या वेळी तेरा वर्षांचा होतो. शिकारीला नेतो म्हटल्यावर मी मामांसाठी प्राणही दिला असता.

निघायच्या आदल्या दिवशी मामींचे पत्र आले. 'परवा अमावस्या आहे, त्या दिवशी बंदूक हाती धरू नये,' एवढाच मजकूर. मामा हसले. "पाखरांना तिथी कळत नाही," ते म्हणाले, आणि पत्राची घडी घालून त्यांनी काडतुसांच्या पिशवीत टाकली. तो 1960 सालचा डिसेंबर. 18 तारखेचा रविवार, मार्गशीर्ष अमावस्या.

शनिवारी आम्ही लोकलने भाईंदरला उतरलो. कुत्री गार्डाच्या डब्यातून आली. गार्डाशी मामांची काय बोलणी झाली ठाऊक नाही, पण उतरताना तो राजाच्या पाठीवर हात फिरवीत होता. आज ज्यांनी भाईंदर पाहिले आहे त्यांना ते भाईंदर दाखवायचे कसे, हा माझ्यापुढे प्रश्न आहे. 1985 साली तिथे नगरपालिका आली, 2002 साली महानगरपालिका झाली. आता मी स्वतः मीरा रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो आणि समोर आणखी एकवीस मजले आहेत. तेव्हा स्टेशनाबाहेर पडले की डोळ्यांना आधी काय भेटे, तर मीठ. चौकोनी वाफे, त्यांत साचलेले आभाळ, बांधांवर पांढरे ढीग. माळावरच्या मामांनी एवढे पाणी आडवे पसरलेले कधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "हे शेत पिकतं कसलं?" मी म्हणालो, "मीठ." ते म्हणाले, "आणि बी कुठून आणतात?" त्यांनी थट्टा केली की खरेच विचारले, हे मला आजवर कळलेले नाही.

हिशेबनीस तापाने अंथरुणावर पडलेले होते. त्यांनी चेण्याच्या पाड्यावरचा एक वारली गडी बरोबर देऊ केला. मामा नको म्हणाले. "कुत्री आहेत की बरोबर."

चेणे हे गाव एका चमत्कारिक जागी वसले आहे. एका अंगाला ठाण्यापासून बोरिवलीपर्यंत पसरलेल्या डोंगराची उतरण, साग-बांबूचे रान; दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी. दोन्हींच्या मध्ये घोडबंदरचा रस्ता. सकाळी डोंगरात शिरलेला माणूस दहा वाजता खाजणात उभा राहू शकतो. आम्ही तेच केले.

पहाटे अंधारातच वर चढलो. उजाडता उजाडता तो ओरडला. गावठी कोंबड्याची बांग मध्येच कुणी मोडून टाकावी तसा तो आवाज. सुरुवात ऐटीची आणि शेवट खोकल्यासारखा. मामांनी माझा दंड घट्ट धरला. राजाला वास लागला, त्याने पाय उचलला, मामा सावकाश पुढे झाले. पुढे कोणीच नव्हते. रानकोंबडा माळावरचा तितर नव्हे. तो दबून बसत नाही, तो पळतो, घाणेरीच्या जाळीतून जाळीत. आणि कुत्रे अगदीच अंगावर आले तर उडून झाडावर बसतो आणि वरून खाली पाहतो. असे चार वेळा झाले. चकोत्रीची एक जोडी तर फांदीवर बसून चिंगीला कुडकुडत शिव्या देत राहिली. राजा दर वेळी पुतळ्यासारखा उभा राही आणि मग मामांकडे असे बघे, की मला त्याची दया येई. जन्मभर जे बिनचूक केले, तेच इथे चुकत होते.

पाचव्या वेळी मात्र कोंबडा बांबूच्या बेटातून सरळ आमच्या डोक्यावरून उडाला आणि मामांनी तो पाडला. हातात घेतल्यावर मी त्याची मान पाहिली. काळ्या पिसांवर टोकाशी पांढरे-पिवळे थेंब, जणू कुणी मेण वितळवून एकेक ठिपका ठेवला आहे. या पिसांना तेव्हा विलायतेत मागणी असे; तिकडचे लोक मासे धरायच्या गळाला खोटी माशी बांधतात, तिच्यासाठी. मला ते माहीत नव्हते. मला एवढेच कळले, की पक्षी अजून ऊन आहे.

दहाच्या सुमारास खाली उतरलो. खाजणात बदकांचा थवा दिसला आणि मामांना पुन्हा चेव आला. राजाला घेऊन ते बांधाने लांबून वळसा घालून निघाले. मला एका बांधावर बसवले. चिंगीच्या पट्ट्याची साखळी माझ्या हातात दिली. "कडी काढू नकोस," ते म्हणाले. "हा चिखल आपल्या ओळखीचा नाही."

वाचकहो, हे वाक्य मी साठ-पासष्ट वर्षे जसेच्या तसे जपले आहे. म्हणजे मामांनाही संशय आला होता.

बार झाला. थवा उठला. त्यातले एक बदक कलले, माझ्याच दिशेने आले आणि समोर तिवरांच्या कडेला, पन्नास-साठ हातांवर पडले. मामा लांब होते. चिंगी थरथरत होती. मध्ये नुसता करडा, गुळगुळीत, वाळल्यासारखा दिसणारा गाळ. त्यावर निवट्या टुणटुण उड्या मारीत होत्या. निवटी बुडत नाही, तर कुत्री कशी बुडेल? शिवाय बदक माझ्या हातात असताना मामा परत आले, तर ते काय म्हणतील, याचे सगळे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मी कडी काढली.

वीस हात ती छान गेली. मग पोटापर्यंत रुतली. धडपडली, तशी आणखी रुतली. तिचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

मामा धावत आले आणि थेट आत शिरले. दहा पावलांवर मांडीपर्यंत गेले. आणि तेव्हाच मी पाहिले, की तिवरांच्या मागची, सकाळी कोरडी असलेली नाळ भरली आहे, आणि पाणी काही आवाज न करता, सपाट, जिभेसारखे पुढे सरकत आहे.

"हलू नको रं बाबा! हाय तसा ऱ्हा!"

मिठागराच्या बाजूने एक आगरी बाई येत होती. साठीची असेल. कासोटा घट्ट, डोक्यावर चिंध्यांची चुंबळ. पळत नव्हती. वाफ्यावर टाकलेल्या दोन फळ्या तिने ओढत आणल्या, एक गाळावर सरकवली, तिच्यावर पालथी पडली आणि दुसरी पुढे ढकलली. मामांना म्हणाली, "आरवा हो. पोटावर." माणदेशचे आमचे मामा, खाकी कोट, मिशा, गळ्यात काडतुसांचा पट्टा, मुकाट्याने चिखलात पालथे पडले. त्यांना फळीचे टोक देऊन ती पुढे चिंगीकडे गेली. गुडघ्यापासून पाय मोकळा करताना तिने काय केले ते मला दिसले नाही. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ती चिंगीला मानेला धरून फळीवरून ओढत आणीत होती.

अर्ध्या तासाने त्या जागी कमरेइतके पाणी होते. बदक त्यावरून डुलत डुलत खाडीकडे गेले.

"आज आवस हाय," बाई म्हणाली. "बारा-एकला पानी बांधाला लागल. घरातून कुनी सोरला तुम्हाला?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांना बहुधा काडतुसांच्या पिशवीतले पत्र आठवले असावे. मामींनी सांगितले ते खरे ठरले होते. कारण मात्र त्यांनाही माहीत नव्हते.

तिच्या झोपडीत तिने आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली. चिंगीला धुतले. मामांनी पैसे पुढे केले तर ती रागावली. मग मामांनी रानकोंबडा पुढे केला, तो तिने घेतला. मानेची पिसे उपटताना त्यातले एक तिने माझ्या हातावर ठेवले. खाताना तिने मामांना भरतीचा हिशेब सांगितला: आवस-पुनवेला दुपारी बाराच्या पुढेमागे, मग रोज पाऊण तास उशीर, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याला जोर नाही. मामांनी दोनदा विचारून घेतले. वाट न विचारणारा माणूस विचारीत होता.

परतताना गाडीत त्यांनी पट्ट्याची कडी उलटसुलट करून पाहिली. "झिजलीय," ते म्हणाले. "मीच बदलायला हवी होती. कुत्री गेली असती माझ्यापायी."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. कडी झिजली नव्हती. ते मला ठाऊक होते, आणि चिंगीला. चिंगी पुढे सहा वर्षे जगली, मामा तीस. एवढ्या अवधीत माझ्या तोंडून एक वाक्य निघाले नाही. 1972 साली वन्यजीवांचा कायदा आला तेव्हा मामांनी बंदूक तेल लावून गुंडाळून ठेवली, आणि मला पत्रात लिहिले, 'बरे झाले, नाहीतरी त्या कडीपासून माझा हात पूर्वीसारखा राहिला नव्हता.' तेव्हा लिहायला हवे होते. मी कागदही घेतला होता.

त्या सहलीनंतरच्या दिवाळीत मी आजोळी गेलो. विहिरी तळाला गेलेल्या. ओसरीवर खुंटीला नेहमीसारखे पंचांग टांगलेले. मी सहज पाने चाळली, तर प्रत्येक तिथीपुढे पेन्सिलीने बारीक आकडा घातलेला: बारा, पाऊण, दीड, सव्वादोन. समुद्र तिथून शंभर-एक मैलांवर असेल. मी विचारले, "मामा, हे काय?"

"काही नाही रे," मामा म्हणाले. "ती बाई आज किती वाजता कामावरून परतेल, ते कळतं."